आयआयटीचा शिक्का आणि भोकराचं लोणचं

प्रस्तुत लेखकाने चाळिशी उलटल्यावर प्रोजेक्ट मॅनेजमेंटचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम धरला, त्याला कारण साडू. साडू पुण्याचे. मुलीच्या लग्नपत्रिकेत त्यांनी स्वतःच्या नावापुढे 'पीएमपी' छापून घेतलं. लेखकाच्या गावी, भोकरात, ज्यांनी पत्रिका वाचली त्यांनी पाहुणे पुण्याच्या 'पीएमपी' सिटी बसला लागले असं धरून चाललं; एकाने तर परमनंट झाले का म्हणून चौकशीही केली. लेखकाने मात्र गुपचूप माहिती काढली. पीएमपी ही अमेरिकेत 1969 साली निघालेल्या एका संस्थेची प्रोजेक्ट मॅनेजमेंटची परीक्षा. तेव्हा 180 प्रश्न, 230 मिनिटं. आणि बसायचं तर पदवीधराने 36 महिने प्रकल्प चालवल्याचा अनुभव दाखवायचा. लेखक एका पतसंस्थेत वरिष्ठ लिपिक. त्याने आजवर चालवलेला मोठा प्रकल्प म्हणजे कार्यालयाची रंगरंगोटी, आणि तिच्याही दोन भिंती अजून बाकी आहेत.

तेव्हा त्याने केंद्र सरकारच्या 'स्वयम्' पोर्टलची वाट धरली. तिथे एनपीटीईएल या उपक्रमातर्फे आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं असतात. दर आठवड्याला गृहपाठ, त्याचे 25 गुण. शेवटी केंद्रावर जाऊन परीक्षा, तिचे 75. एकूण 60 पडले तर प्रमाणपत्रावर 'एलिट' असं येतं. पण लेखक खरा विरघळला तो दुसऱ्याच गोष्टीवर: त्या कागदावर आयआयटीचं बोधचिन्ह आणि विद्यार्थ्याचा फोटो, दोन्ही असतात. पहिलं व्याख्यान ऐकायच्या आधी तो फोटो स्टुडिओत जाऊन आला. कोट स्टुडिओचाच होता.

आता लोणच्याविषयी बोलणं भाग आहे. भोकर तालुक्याचं गाव खरंच, पण भोकर हे फळही आहे, आणि त्याचं लोणचं घालणं हे येरागबाळ्याचं काम नाही. चैत्र-वैशाखात कोवळी हिरवी भोकरं येतात. देठ काढायचे, धुवायची, पुसायची, बत्त्याने हलकी टेचून आतली बी काढायची. त्या बीभोवतीचा गर असा चिकट की बोटं एकमेकांना सोडत नाहीत. म्हणून बोटांना मीठ लावत लावत काम चालतं. आंबटपणाला कैरी हवी, ती त्याच दिवसांत मिळायला हवी. मोहरी, मेथी, हिंग थांबू शकतात. भोकरं थांबत नाहीत.

नेमक्या त्याच आठवड्यात लेखक 'क्रिटिकल पाथ' शिकत होता. ज्या कामांच्या साखळीत एकाला दिवसभर उशीर झाला की सगळा प्रकल्पच दिवसभर लांबतो, ती साखळी. 1957 च्या सुमाराला अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीने ही पद्धत बसवली. लेखकाने लोणच्याचा रीतसर गँट तक्ता, म्हणजे कुठलं काम कधी हे पट्ट्यांनी दाखवणारा तक्ता, केला, रंगीत प्रिंट काढली आणि आईच्या हातात दिली.

"भोकरं काय तुझ्या कागदाला इचारून पिकतेत का? जाय, पहिलं कैऱ्या घेऊन ये," आई म्हणाली. तो कैऱ्या घेऊन आल्यावर या प्रोजेक्ट मॅनेजरला बिया काढायला बसवलं. तक्ता भोकरं पसरायला कामी आला. गृहपाठ बुधवारी रात्री बाराच्या आत भरायचा होता. मिठाच्या, चिकट बोटांनी लेखकाने दहातले सहा प्रश्न भरले, तोवर बारा वाजले.

या गँटसाहेबांचंही एक आहे. तसाच तक्ता पोलंडच्या कारोल आदामिएत्स्की यांनी 1896 मध्येच बेतला होता. पण त्यांचं लेखन पोलिश आणि रशियनमध्ये. हेन्री गँट इंग्रजीत लिहीत होते, नाव त्यांचं लागलं. मराठी माध्यमात शिकलेल्या माणसाला हे वाचून आदामिएत्स्की जवळचे नातेवाईक वाटू लागतात.

तसं नोकरी करून शिकणं मराठवाड्याला नवं नाही. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 साली नाशिकला निघालं, राम ताकवले पहिले कुलगुरू. नांदेडला विभागीय केंद्र आहे. बारावी न झालेल्यांनीही पूर्वतयारी करून तिथून पदवी घेतली आहे. रविवारच्या संपर्क सत्राला एसटीचे कंडक्टर ड्युटी उतरून खाकीतच येतात, अंगणवाडीच्या ताई डबा घेऊन येतात, आणि पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसतात. 'स्वयम्'च्या अभ्यासक्रमात मात्र मोबाईलवर बरोबरीचं कुणी दिसत नाही. प्राध्यापक उत्तम शिकवतात, पण इंग्रजीत; आणि शंका लिहून पाठवायची तर तीही इंग्रजीत. ज्याला शंका नीट मांडता येत नाही तो शंका नाहीच असं धरून पुढे जातो, आणि परीक्षेत अडकतो. लेखकाच्या ओळखीतली कितीतरी हुशार माणसं अशीच पहिल्या महिन्यात गळाली. याचा त्याला राग येतो, आणि त्यात विनोद काही नाही.

कारण प्रकल्प चालवणारी माणसं इथे पैशाला पासरी आहेत. ऊसतोडीचा मुकादम उचल वाटतो, कोयते जमवतो, गाड्या ठरवतो आणि ठरल्या दिवशी टोळी कारखान्यावर उभी करतो. त्याला प्रमाणपत्र कुणी देत नाही. उलट वर्धा-यवतमाळ-नांदेड हा 284 किलोमीटरचा रेल्वेमार्ग 2008-09 मध्ये मंजूर झाला, आणि त्यातला वर्धा ते कळंब एवढा तुकडा फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाला. तिथे शिकलेल्यांची वाण पडली असेल असं वाटत नाही.

लेखकाला 58 गुण पडले. एलिट हुकलं, फोटो झकास आलाय.

भोकर, हिमायतनगर, किनवटकडच्या वाचकांपैकी कुणाच्या मनात असेल तर बेलाशक नाव नोंदवा. नोंदणीला आणि व्याख्यानांना पैसे पडत नाहीत, शुल्क परीक्षेलाच आहे. दोघा-तिघांनी मिळून बसा, शंका आधी आपसात मराठीतच मांडा, आणि गृहपाठ बुधवारवर ठेवू नका.