वाऱ्याचा आवाज घालवायचा, तर आधी वारा मिळवा

मोटारीत घुसणारा वाऱ्याचा आवाज कमी करू पाहणाऱ्या मुंबईतल्या दिंडोशीकराची पहिली अडचण म्हणजे वारा. शास्त्र असे सांगते की हा आवाज साधारणपणे वेगाच्या सहाव्या घाताने वाढतो. वेग दुप्पट झाला की १८ डेसिबल चढतात. उलटा हिशेब केला तर ताशी १०० किलोमीटरला कानाशी शिट्ट्या मारणारा वारा ताशी २५ ला ३६ डेसिबलने खाली आलेला असतो. आता संध्याकाळी सातच्या सुमारास पठाणवाडीपासून फिल्म सिटीच्या वळणाकडे सरकणाऱ्या गाडीसाठी ताशी २५ हा आकडाच महत्त्वाकांक्षी. तेव्हा वाऱ्याचा बंदोबस्त इथे वाहतूक कोंडीने आधीच करून ठेवला आहे, तोही फुकट आणि बारमाही.

तरीही ज्यांना काम तडीस न्यायचेच आहे, त्यांनी आधी वाऱ्याची सोय करावी. दिंडोशीच्या हद्दीत ती व्हायची नाही. पश्चिम द्रुतगती मार्ग नावापुरता द्रुत. २ एप्रिल २०२२ पासून डोक्यावरून मेट्रो ७ जाते आणि खालचे गाडीवाले मान वर करून तिच्याकडे बघत बसतात. गाडी उत्तरेला काढावी. दहिसर नाक्यावर हलक्या वाहनांना ऑक्टोबर २०२४ पासून पथकर माफ आहे, तेवढा प्रयोगाचा खर्च वाचतो. (वेळ वाचतो असे इथे कोणी म्हटलेले नाही.) वर्सोवा पूल ओलांडला की वेग मिळतो, पण त्यापुढे गुजरातच्या दिशेने महामार्गावर काँक्रीटचा थर चढवला आहे आणि काँक्रीटवर टायर डांबरापेक्षा जास्त ओरडतात. शिवाय सांधे. साडेचार मीटरवर एक सांधा धरला तर ताशी ८० ला सेकंदाला जवळजवळ पाच वेळा टकटक होते. शुद्ध, भेसळ नसलेला वाराच हवा असेल तर अटल सेतू गाठावा. तिथे मोटारींना ताशी १०० ची परवानगी आहे, दोन्ही बाजूंना मोकळी खाडी आहे आणि आडवा वारा भरपूर आहे. दिंडोशीहून शिवडीपर्यंत पोहोचायला लागणारा वेळ हा प्रयोगाच्या पूर्वतयारीत धरावा.

दिंडोशीला सत्र न्यायालय असल्याने पुराव्याशिवाय कोणाला दोषी धरू नये, हे इथल्या रहिवाशांना वेगळे सांगायला नको. आवाजाच्या बाबतीत मात्र ही शिस्त कोणी पाळत नाही. गाडीत घूं-घूं सुरू झाली की गृहस्थ थेट ॲक्सेसरीच्या दुकानात जातो, चारही दारांना आवाज मारणारी शीट ठोकून घेतो आणि मग कळते की घूं-घूं मागच्या चाकाच्या बेअरिंगची होती. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. म्हणून आधी रीतसर तपास.

प्रथम गाडी रिकामी करावी. जॅक, पाना, दाराच्या खणातल्या पाण्याच्या बाटल्या, चिल्लर, मोडकी छत्री, पीयूसीचे गेल्या पाच वर्षांचे कागद, डॅशबोर्डवरचा मान हलवणारा कुत्रा. गणपती असल्यास त्याला हलवू नये, त्याच्या बैठकीखाली फोमची दुहेरी टेप लावावी. पुष्कळ गाड्यांतला ‘रस्त्याचा आवाज’ एवढ्यानेच उतरतो, आणि त्यावर खर्च काहीच होत नसल्याने मालकाला थोडे चुकल्यासारखे वाटते. त्यानंतर उरलेल्या आवाजाची उलटतपासणी. डांबरावरून काँक्रीटवर जाताच सूर बदलला, तर आरोपी टायर. रस्ता तोच, वेग तोच, पण वाऱ्याची दिशा बदलताच आवाज बदलला, तर आरोपी फट. लांब वळणावर गाडीचा भार एका बाजूला गेला की घूं-घूं वाढत असेल किंवा थांबत असेल, तर बेअरिंग. मग शीटचे स्वप्न बाजूला ठेवून मेकॅनिककडे जावे.

फट नेमकी कुठली, हे शोधायची युक्ती मात्र खरोखर नामी आहे आणि ती रंगाऱ्याच्या मास्किंग टेपने साधते. दारांच्या कडा, आरशांची मुळे, काचेच्या चौकटी, सगळीकडे बाहेरून टेप चिकटवायची. मग महामार्गावर जाऊन एकेक पट्टी सोलत प्रत्येक वेळी त्याच वेगाने फेरी मारायची. जी पट्टी सोलल्यावर शिट्टी परत येते, तिथे छिद्र आहे. चालकाने स्वतःच्या दाराला टेप सगळ्यात शेवटी, आतून काच खाली घेऊन लावावी. नाकाबंदीत असे वाहन सापडल्यास शांतपणे उत्तर द्यावे; ‘आवाज शोधतोय’ हे वाक्य मात्र टाळावे.

मोजमापासाठी मोबाइलमधले डेसिबलचे ॲप चालते, फक्त त्याच्या आकड्याला ब्रह्मवाक्य मानू नये. आधी आणि नंतर, एकाच जागी धरलेल्या एकाच फोनने, एकाच रस्त्यावर तुलना करावी, एवढाच त्याचा उपयोग. शिवाय अशी ॲप बहुधा ‘ए’ भार लावून मोजतात, त्यात खालच्या पट्टीतला घुमारा जवळजवळ गाळला जातो. त्यामुळे डोके भणभणत असताना ॲप प्रसन्न दिसू शकते. एका डेसिबलचा फरक कानाला कळणे कठीण, आणि आवाज निम्मा झाल्यासारखा वाटायला सुमारे दहा डेसिबल उतरावे लागतात. दहा रुपयांच्या फोमने दहा डेसिबल उतरत नाहीत.

तरी फोमला हसू नये, कारण फटीचे गणित भयंकर आहे. भिंत कितीही जाड करा. तिच्या क्षेत्रफळाच्या एक टक्का जागा उघडी राहिली तर आवाज २० डेसिबलपेक्षा जास्त अडत नाही. म्हणून दाराचे रबर आधी. दहाची नोट दारात धरून दार लावावे आणि ओढावी. सरकत बाहेर आली तर तिथले बीडिंग बसले आहे. अडली तर ठीक. दाराभोवती हातभर अंतरावर ही परीक्षा घ्यावी. नोट फाटल्यास परीक्षा उत्तीर्ण समजावी. रबर नुसते धुळीने माखलेले असेल तर ओल्या फडक्याने पुसून त्यावर सिलिकॉनचे ग्रीस फिरवावे. रबर चपटेच झाले असेल तर डी, पी किंवा झेड आकाराच्या चिकटपट्ट्या मिळतात. त्या घेताना हाव धरू नये. जास्त जाड पट्टी लावली की दार दोन्ही हातांनी, आपटूनच लावावे लागते; रात्री अकराला सोसायटीत असे चार दारांचे बार झाले की गाडीच्या आतली शांतता अख्ख्या विंगला ऐकू जाते.

याच जागी पावसाळी व्हायझरचाही विचार व्हावा. काचेवर चिकटवलेली ती काळी पट्टी जुलैत काच बोटभर उघडी ठेवायला उपयोगी पडते आणि उरलेला काळ महामार्गावर वाऱ्याला ओरखडे काढते. छतावरच्या रिकाम्या कॅरिअरचेही तेच. काढून ठेवावे, एवढाच उपाय.

मागची एकच काच उघडली की कानांवर धडधड आदळते, त्यावर तर पैसाही लागत नाही. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारावी तशी त्या वेळी अख्खी गाडी वाजत असते. पुढची काच दोन बोटे खाली घ्यावी, धडधड बंद.

आता मुख्य शस्त्रक्रिया, म्हणजे दार उघडणे. रविवारची सकाळ, सोसायटीचे पार्किंग आणि सल्ला देणारे किमान दोन निवृत्त गृहस्थ, एवढे साहित्य जमवावे. हँडलच्या वाटीत एका छोट्या टोपणाखाली स्क्रू लपलेला असतो, तो आधी काढावा. न काढता ओढणाऱ्यांच्या हातात हँडल येते. मग प्लास्टिकची चपटी पट्टी कडेने घालून लॉक सोडवत जावे. पहिले लॉक सुटते, दुसरे तुटते. ही लॉक दुकानात नगावर मिळतात, डझनभर आधीच आणून ठेवावीत. पॅनेल सुटले की काचेच्या बटणांची वायर सोडवावी, आणि मागे दिसते ती काळ्या चिकट मेणचट थराने लावलेली पातळ प्लास्टिक शीट. ती फेकायची नाही. हीच शीट दारात शिरलेले पाणी आतल्या बाजूला येऊ देत नाही.

कारण दारात पाणी शिरतेच. काचेवरून ओघळणारा पाऊस बाहेरच्या रबराशेजारून दाराच्या पोटात उतरतो आणि तळाच्या दोन-तीन छिद्रांतून बाहेर पडतो. दार तसेच बनवलेले असते. दिंडोशीतल्या गाडीची ही छिद्रे पाहण्यासारखी असतात. वर्षानुवर्षे कुठे ना कुठे चाललेल्या खोदकामाची धूळ तिथे बसते, ओली होते, सुकते आणि राखाडी ढेकळाचे बूच तयार होते. ब्रेक मारल्यावर दारात ‘चुळुक’ असा आवाज येत असेल तर तो रस्त्याचाही नाही आणि वाऱ्याचाही नाही, तो गेल्या जुलैचा आहे. झाडूच्या काडीने छिद्रे मोकळी करावीत, आणि शीट चिकटवण्याच्या उत्साहात ती पुन्हा बुजवू नयेत. हे एवढे चुकले तर दार आतून सडते, आणि सडलेल्या पत्र्यातून आवाज फार मोकळेपणाने येतो.

पत्र्यावर चिकटवायची शीट म्हणजे अ‍ॅल्युमिनिअमचा वर्ख असलेले बुटाइल. दुकानदार स्वस्तात डांबरी शीट दाखवेल. मुंबईच्या उन्हात उभ्या गाडीत ती मऊ होते आणि वास मारते. पत्रा स्पिरिटने पुसावा, शीट रोलरने दाबत दाबत बसवावी. पूर्ण पत्रा झाकण्याची गरज नसते. शीटचे काम आवाज अडवण्याचे नाही, पत्र्याची थरथर मारण्याचे आहे, आणि पत्र्याचा तिसरा हिस्सा झाकला की त्यातले बरेचसे साधते. बोटाच्या पेराने ठोकून पाहावे: आधी ‘टण्ण’ म्हणणारे दार आता ‘ठप्प’ म्हणते. या एका ‘ठप्प’साठी लोक पूर्ण दार मढवतात, मग छत, मग जमीन. गाडीत वीस-पंचवीस किलोंची भर पडते आणि मालक मायलेज का घसरले म्हणून पेट्रोल पंपावर संशय घेऊ लागतो. ज्या खांबांच्या आवरणावर एअरबॅगची खूण आहे, तिथे मात्र शीट, फोम, स्प्रे, काहीही घालू नये. तिथली पोकळी रिकामी राहण्यासाठीच आहे.

घरगुती उपायांत गोधडीचे नाव आघाडीवर असते. डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यावर जुनी गोधडी दुमडून ठेवली की वरच्या पट्टीतली खरखर खरोखरच कमी होते. खालच्या पट्टीतला घुमारा तिला दाद देत नाही. १०० हर्ट्झच्या आवाजाची लाट सुमारे ३.४ मीटर लांब. नुसत्या मऊ थराने ती नीट जिरवायची तर थर तिच्या पावपट, म्हणजे ८५ सेंटिमीटर जाड हवा. एवढ्या गोधड्या भरल्यावर गाडीत माणूस बसत नाही, आणि माणूस नसला की तक्रारही उरत नाही.

बॉनेटच्या आत फोम लावणाऱ्यांनी उंदरांचा विचार केलेला नसतो. पार्किंगमधल्या उंदराला ऊबदार इंजिनावर मऊ छत मिळाले की तो बाळंतपण तिथेच उरकतो. जाणते लोक बॉनेटमध्ये तंबाखूची पाने ठेवतात. उंदीर त्याने जातात की नाही यावर पार्किंगमध्ये दोन पक्ष आहेत.

टायरबद्दल दुकानात कोणी बोलत नाही, कारण हवा भरायला दुकान लागत नाही. चालकाच्या दारापाशी खांबावर हवेचा दाब लिहिलेला असतो, तोच ठेवावा. ‘जरा जास्त भर, हायवेला जायचंय’ असे सांगणारा माणूस खडखडाट पैसे देऊन विकत घेतो. एका कडेने झिजलेला किंवा खाचखळगे पडलेला टायर बेअरिंगसारखाच घुमतो, म्हणून दर आठ-दहा हजार किलोमीटरला चाकांची अदलाबदल आणि अलाइनमेंट. टायरच्या बाजूला कोरलेले शेवटचे चार आकडे म्हणजे जन्माचा आठवडा आणि वर्ष. ते वाचून बऱ्याच घरांत शांतता पसरते. नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली असेल तर मुद्दा आवाजाचा राहिलेलाच नाही.

इतके सगळे करणाऱ्याला एक गोष्ट हळूहळू कळते: एक आवाज गेला की त्याच्यामागचा पुढे येतो. टायर गप्प झाले की एसीचा पंखा ऐकू येतो, पंखा कमी केला की सीटचे कुरकुरणे. १९५८ मध्ये डेव्हिड ओगिल्व्ही यांनी रोल्स-रॉइसची जी प्रसिद्ध जाहिरात केली, तिचा दावा असा होता की ताशी ६० मैलांना त्या गाडीतला सगळ्यात मोठा आवाज विजेच्या घड्याळाचा. त्याच कंपनीने २०२० मध्ये नवी घोस्ट आणताना शंभर किलोंहून जास्त आवाजरोधक साहित्य वापरले. आत इतके सामसूम झाले की बसणाऱ्याला भांबावल्यासारखे होऊ लागले, म्हणून अभियंत्यांनी हलकासा सूर मुद्दाम परत आणला. दिंडोशीत हा खर्च वाचतो. इथे सूर बाहेरून पुरवला जातो.

तो सूर म्हणजे हॉर्न. त्याच्यापुढे वरची सारी विद्या लंगडी पडते, कारण तो दारातून नाही, काचेतून येतो. बाजूच्या काचा बहुतेक गाड्यांत तीन-चार मिलिमीटरच्या एकेरी, आणि हॉर्नचा कर्कशपणा नेमका त्या पट्टीत, जिथे माणसाचा कान सगळ्यात तिखट. मुंबई वाहतूक पोलिसांनी यावर एक अघोरी उपाय करून पाहिला होता. जानेवारी २०२० अखेर त्यांनी जगाला दाखवलेल्या प्रयोगात सिग्नलला डेसिबल मीटर जोडले होते. आवाज ८५ च्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून. वाजवा आणि थांबा. नितीन गडकरी यांनी २०२१ मध्ये नाशिकला वेगळी दिशा दाखवली: हॉर्नमधून बासरी, तबला, व्हायोलिन, पेटी असे भारतीय वाद्यांचे सूर निघावेत. पठाणवाडीच्या सिग्नलवर तीनशे पेट्या एकाच वेळी, प्रत्येक आपापल्या काळी पाचमध्ये. तोवर स्वतःच्या हॉर्नवरून हात काढणे हा एक घरगुती उपाय शिल्लक आहे, पण तो अजून कोणत्याही ॲक्सेसरीच्या दुकानात विक्रीला आलेला नाही.

राहता राहिले इंजिन. ते नकोच असेल त्यांनी विजेची गाडी घ्यावी. त्यात इंजिनाचा पडदा नसल्यामुळे टायर आणि वारा जास्त ठळक ऐकू येतात, म्हणजे शीटचे काम पुन्हा पहिल्यापासून. शिवाय युरोपात नव्या विजेच्या गाड्यांना ताशी २० किलोमीटरपर्यंत बाहेर ऐकू जाईल असा आवाज काढणे बंधनकारक आहे, नाहीतर पायी चालणाऱ्याला ती आल्याचे कळत नाही. आपल्याकडेही तशा नियमाचा मसुदा निघाला आहे. तो लागू झाला तर संध्याकाळच्या दिंडोशीत अशी गाडी घरापासून महामार्गापर्यंत एकही क्षण न थांबता वाजत राहील.