प्युजो घेऊ इच्छिणाऱ्या जालनेकरांस

रोजच्या वापराला जुनी फ्रेंच गाडी घ्यायचीच असेल, तर पन्नास वर्षांहून जुनी घेऊ नये. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार तिची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी केलीत की नंबरात ‘व्हीए’ मिरवता येतं, पण गाडी रोज चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं आणि दुरुस्ती अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर आणायची. भोकरदनचा बाजार यात बसत नाही. (दुरुस्तीच्या सवलतीत तुमचे बरेच दिवस बसतील, हा भाग वेगळा.)

म्हणून प्युजो ३०९. मूळ आखणी टॅल्बो या नावासाठी. बारशाच्या वेळी नाव बदललं. युरोपात तिचं उत्पादन थांबल्यावर १९९०च्या दशकाच्या मध्याला प्रीमियरच्या भागीदारीत ती कल्याणला दत्तक आली. भागीदारी काही वर्षांतच मोडली. वारस म्हणून आता तुम्ही.

डिझेलचीच घ्या. तिचं १५२७ सीसी इंजिन पुढे मारुतीनं झेन आणि एस्टीमच्या डिझेल गाड्यांत बसवलं. तेव्हा स्पेअरच्या दुकानात ‘प्युजो’ हा शब्द उच्चारू नये. ‘झेन डिझेलचं हेड गॅस्केट द्या’ म्हणावं आणि गाडी दोन गल्ल्या सोडून उभी करावी. काच, दिवे, दाराच्या मुठी यांना मात्र झेन वाचवत नाही. त्यासाठी दुसरी, मेलेली ३०९ शोधावी लागते.

खरी अडचण इथंच आहे. इतर गावांत मेलेली गाडी लिंबाखाली वर्षानुवर्षं पडून राहते, कोणी येईल म्हणून. जालन्यात भट्ट्या भंगारावर चालतात. आज दिसलेली डिकी पुढच्या महिन्यात कुणाच्या तरी स्लॅबमध्ये सळई होऊन बसलेली असते. म्हणून भंगारवाल्यांकडे नियमित फेरी ठेवा. गाडी विचारू नका, किलोचा भाव विचारा. आणि तिथं स्वतःची प्युजो नेऊ नका. चहाला वळलात तेवढ्यात ती वजनकाट्यावर गेलेली असेल.

चाचणीसाठी समृद्धीवर नेण्याची हौस होईल. कारला १२०ची मर्यादा आहे. ती तुमच्याकडून मोडली जाणार नाही. खरी परीक्षा अंगारकीला राजूरच्या गर्दीत, उन्हात, इंजिन चालू ठेवून घ्यावी. रेडिएटरचा पंखा आपण होऊन फिरला, तर गणपतीला नारळ फोडून सौद्याला बसा.

शेजारी विचारतील, “कामून घेतली हो ही, भाऊ?” ‘क्लासिक आहे’ असं सांगू नये. ‘डिझेल आहे, ॲव्हरेज चांगलं देते,’ एवढं पुरे.

भाव ठरवताना विकणारा ‘फ्रेंच गाडी’ म्हणेल. तुम्ही साधारण नऊशे किलो धरा, त्या दिवशीचा भंगारभाव लावा, वर थोडं चढवा. एमएच २१चीच मिळाली तर परजिल्ह्याच्या एनओसीचे हेलपाटे टळतात. पुनर्नोंदणी कधी संपते ते आरसीवर बघून मगच टोकन द्या.