दर्शनकाका

विश्रांतवाडीत परगावचे पाहुणे उतरतात त्याला कारणं दोन. एक म्हणजे लोहगावचा विमानतळ इथून हाकेच्या अंतरावर आहे. दुसरं म्हणजे आमच्या इमारतीत दर्शनकाका राहतात. विमानासाठी आलेला पाहुणा रात्री येतो, सकाळी गरम पाणी किती वाजता मिळेल एवढंच विचारतो आणि पहाटे रिक्षानं निघून जातो. काकांकडे आलेल्याला मात्र पुणे पाहिल्याशिवाय सुटका नाही. त्यातून पाहुण्यांबरोबर लहान मुलं असली तर काकांना जास्तच चेव येतो. मोठी माणसं "पाहिलंय की आम्ही" म्हणून हात वर करू शकतात, मुलांना ती सोय नसते.

काका मूळचे परभणी जिल्ह्यातले. खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत लागले, कर्ज काढून विश्रांतवाडीत दोन खोल्या घेतल्या आणि फॅक्टरीतूनच निवृत्त झाले. जागा घेतली तेव्हा पेठेत राहणारे सहकारी विचारायचे, "का हो, पुण्यात नाही मिळाली?" हा प्रश्न काकांना फार लागला असावा. कारण काका 'पुण्याला जाऊन येतो' असं चुकूनही म्हणत नाहीत, अस्सल पेठी थाटात 'गावात जाऊन येतो' म्हणतात. विश्रांतवाडी लांब आहे असं कुणी म्हटलंच, तर त्यांचं उत्तर तयार असतं. "माउलींची पालखी आळंदीहून पुण्यात शिरते ती कुठून? आमच्या दारावरून. ज्ञानोबांना जो रस्ता पुण्यात आणतो तो पुण्याबाहेरचा कसा असेल?" ज्ञानोबांना मध्ये घातल्यावर समोरचा गप्प बसतो.

माझं मत असं की पेठेतल्या माणसाला आपण पुणेकर असल्याचा दाखला कुणाला द्यावा लागत नाही, म्हणून तो पुणे कुणाला दाखवतही नाही. शनिवारवाड्यासमोर उभा जन्म काढलेले लोक मला माहीत आहेत, जे आत शाळेच्या सहलीतून एकदा गेले ते गेलेच. शहर दाखवण्याचा सोस काठावरच्यांना. डोंबिवलीत हाच काका गेटवे ऑफ इंडिया दाखवतो, न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये हाच स्वातंत्र्यदेवीचा पुतळा दाखवतो. टोपी बदलते, माणूस तोच.

परवा दिवाळीच्या सुट्टीत काकांचा पुतण्या परभणीहून सहकुटुंब आला. थोरला मुलगा सहा वर्षांचा, धाकटी मुलगी तीन-साडेतीनची. नात्यानं काका त्यांचे आजोबा. पण बाप काका म्हणतो, आई काका म्हणते, सगळी सोसायटी काका म्हणते, म्हणून तीही काकाच म्हणतात. रात्री जेवताना पुतण्यानं एकच मागणी ठेवली. "काका, बाकी काही नको, लेकरायला वाघ तेवढा दाखवा."

"वाघ आहेच रे," काका म्हणाले, "पण वाघ शेवटी."

आणि मला म्हणाले, "तुम्हीही चला. तुम्ही तरी कुठं पुणे पाहिलंय?" ते खरंच होतं, म्हणून गेलो.

सकाळी इमारतीखाली काकांनी सगळ्यांना उभं करून दिवसाचा कार्यक्रम सांगितला. तो सांगताना वरून सुखोई गेलं. लोहगावला हवाई दलाचा तळ आहे, तेव्हा आम्हाला याची सवय. विश्रांतवाडीचा माणूस वाक्याच्या मध्यावर थांबतो, बोट वर धरतो आणि आवाज ओसरला की पुढच्या अक्षरापासून सुरू करतो. काका "शनि..." एवढं बोलून थांबले आणि बऱ्याच वेळानं "...वारवाडा" म्हणाले. मुलं मात्र आकाशाकडे तोंड वासून उभी राहिली. परभणीच्या पोरांना एवढा आवाज आयुष्यात पहिल्यांदा ऐकायला मिळाला होता. "ते नंतर बघा, ते काय रोजचंच आहे," म्हणत काकांनी त्यांना रिक्षात कोंबलं.

काकूंबद्दल इथे सांगितलं पाहिजे, कारण सहल काकांची असली तरी ती चालते काकूंच्या रेग्झिनच्या पिशवीवर. त्या पिशवीत मी पाहिलेल्या वस्तू अशा: दोन चड्ड्या, एक फ्रॉक, प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला ओला पंचा, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लिंबाच्या गोळ्या, सुई-दोरा, आणि 'असू दे' म्हणून घडी घातलेली आणखी एक रिकामी पिशवी. काका इतिहास बघतात, काकू शू बघतात. संध्याकाळपर्यंत कुणाचं खातं जास्त चाललं हे सांगायला नको.

विश्रांतवाडीला मेट्रो येत नाही. हे काकांच्या मनातलं शल्य आहे, पण पाहुण्यांसमोर ते "येरवड्याला आलीय, म्हणजे आलीच" असं म्हणतात. येरवड्याहून बसलो आणि जिल्हा न्यायालय स्टेशनवर गाडी बदलायला उतरलो. तिथे वरची मेट्रो उंचावर आणि स्वारगेटची भुयारी मेट्रो जमिनीखाली सुमारे 33 मीटरवर, तेव्हा मध्ये सरकते जिनेच जिने. काकांनी पहिल्या जिन्याच्या तोंडाशी हात आडवे करून सगळ्यांना थांबवलं आणि पाऊल कसं टाकायचं याचं प्रात्यक्षिक दिलं. ते होईपर्यंत मागे रांग लागली. सूनबाई पदर खोचून, देवाचं नाव घेऊन चढली. मुलं तोवर खाली पोचून, शेजारच्या वर येणाऱ्या जिन्यानं परत आमच्याकडे निघालीसुद्धा होती. काका ओरडले, "अरे, हे बघायचं नाहीये! हे नुसतं जायला आहे!"

कसबा पेठेला उतरून शनिवारवाडा गाठला. इथे काकांचा आवाज बदलतो. पाया 1730 मध्ये, बांधकाम 1732 ला पुरं, दिल्ली दरवाज्याला हे अणकुचीदार खिळे, कशासाठी? हत्तींनी धडक देऊ नये म्हणून. थोरल्यानं खिळे मोजायला घेतले. आत गेल्यावर त्यानं चहूकडे बघितलं. हिरवळ, दगडी जोती, कारंज्याचा हौद.

"काका, वाडा कुठाय?"

"वाडा जळाला. 1828 मध्ये. मोठी आग लागली होती."

"मग तिकीट कशाचं काढलं?"

पुतण्या दुसरीकडे बघून खोकला. काकांनी प्रश्न कानाआड केला आणि नारायणरावाकडे वळले. 30 ऑगस्ट 1773, ऐन गणपतीचे दिवस, मारेकरी गारदी पाठीमागे, सतरा-अठरा वर्षांचा पेशवा रघुनाथरावांच्या महालाकडे धावतोय. काका स्वतः दोन पावलं धावले. आजूबाजूचं एक गुजराती कुटुंबही थांबून ऐकायला लागलं. काकांनी हात पसरले, आवाज कातर केला, "आणि तो ओरडला, काका, मला..."

"काका, मला शू लागलीय," धाकटी म्हणाली.

काकूंनी तिला उचललं आणि त्या चालू पडल्या. गुजराती कुटुंबाला गोष्टीचा शेवट हाच आहे असं वाटलं की काय कोण जाणे; त्यांनी माना डोलावल्या आणि तेही गेले. काकांना पुन्हा तो सूर सापडला नाही.

तिथून दगडूशेठ. याबाबतीत काका व्यवहारी आहेत. "रांगेत उभं राहायचं नाही. बाप्पा रस्त्यावरूनसुद्धा दिसतो, तो काय फरक करत नाही." समोरच्या फुटपाथवरून हात जोडले, काकूंनी मुलांच्या चपला सोडवून पुन्हा घातल्या आणि वरात पुढे निघाली. मंडईत कुणाला तरी पेरू घ्यावेसे वाटले. काकांनी घेऊ दिले नाहीत. त्यांच्या लेखी मंडईची इमारत बघायची असते, भाजी विश्रांतवाडीतही मिळते.

थोरला दर चौकात विचारत होता, "वाघ कधी?" काका दर चौकात सांगत होते, "वाघ शेवटी." बाजीराव रोडवर काकू काकांच्या जवळ सरकून हळूच म्हणाल्या, "अहो, आज बुधवार."

"मला माहितीय."

"कात्रज बुधवारी बंद असतं."

"मला माहितीय म्हटलं ना!" काका म्हणाले आणि झपाट्यानं पुढे चालू लागले. त्यांना माहीत नव्हतं. त्यांच्या पाठीवरूनच ते कळत होतं.

राजा दिनकर केळकर संग्रहालयात काका नेहमीपेक्षा जास्त रेंगाळले, ते आता वाघाचं काय करायचं या विचारात असणार. राजा हे दिनकर केळकरांच्या लहानपणीच गेलेल्या मुलाचं नाव; त्याच्या नावानं या माणसानं देशभर हिंडून सुमारे 20 हजार वस्तू जमवल्या. दिवे, कुलपं, अडकित्ते, फण्या, पाय घासायच्या वज्र्या. हे ऐकून सूनबाईंनी पदर डोळ्याला लावला. सगळ्या दिवसात काकांच्या बोलण्याचा परिणाम झाला तो तेवढाच. काकू जुन्या स्वयंपाकाच्या भांड्यांपुढे उभ्या राहिल्या, नीट निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "ही विळी आपल्या माळ्यावर आहे. तुम्हाला केव्हाची सांगतेय, मोडीत काढा." अडकित्त्यांच्या कपाटापुढे थोरल्यानं काकांना विचारलं, की एवढ्या अडकित्त्यांना सुपारी कोण आणून देतं. काकांना उत्तर सुचलं नाही. मला अजून सुचलेलं नाही.

तिथल्या बाकावर एक वयस्क गृहस्थ बसले होते. पेठेतलेच असावेत, ऊन टाळायला आत आल्यासारखे. काकांचं निरूपण बराच वेळ ऐकून त्यांनी विचारलं,

"कुठून आलात?"

"इथलेच आहोत. विश्रांतवाडी."

"अच्छा, बाहेरगावचे," ते म्हणाले आणि डोळे मिटले.

काका पाच मिनिटं काही बोलले नाहीत. एवढा सलग अबोला मी त्यांच्याकडून कधी पाहिला नव्हता. बाहेर येऊन त्यांनी सगळ्यांना मस्तानी पाजली, आणि पैसे पुतण्याला देऊ दिले नाहीत. धाकटी तोवर आईच्या खांद्यावर झोपली होती. तिच्या वाटणीची मस्तानी मी संपवली.

सारसबागेत पोचेपर्यंत ऊन कललं होतं. तळ्यातला गणपती म्हणतात पण तळं कुठेय, या प्रश्नाला काकांनी तळं बुजवून बाग कशी केली ते सांगितलं. मग थोरल्याला जरा बरं वाटावं म्हणून थंडीत या गणपतीला स्वेटर आणि कानटोपी घालतात हेही सांगितलं. थोरला एकदम सावध झाला. "वाघाला पण घालतात?"

आता पर्याय उरला नव्हता. काकांनी त्याचा हात धरला आणि त्याला पेशवे पार्काच्या कुंपणापाशी नेलं. आत झाडं होती. काकांनी बोटानं झाडांमधली एक जागा दाखवली.

"तिथं वाघ होता."

थोरल्यानं दोन्ही हातांनी जाळी धरली. "कुठं?"

"त्या झाडाच्या पलीकडं. पिंजऱ्यात. तुझ्या बापाला मी इथंच दाखवला होता, खांद्यावर घेऊन. विचार त्याला."

"मग आता?"

काकांनी क्षणभर विचार केला. चाळीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला जे सुचावं तेच त्यांना सुचलं. "बदली झाली त्याची. कात्रजला."

"का?"

"जागा लहान पडत होती. तिकडं 130 एकर मिळाली."

मला वाटलं, आता पोरगं भोकाड पसरणार. पण पुतण्या स्वतः पाटबंधारे खात्यात. बदली म्हणजे काय हे त्या घरातल्या पोरांना चालायला लागायच्या आधी कळतं. थोरल्यानं फक्त विचारलं, "बुधवारी सुट्टी असती का त्याला?" म्हणजे बाजीराव रोडवर त्यानं सगळं ऐकलं होतं. काका कधी नव्हे ते हसले. मग त्यांनी त्याला फुलराणीची गोष्ट सांगितली, की ही छोटी आगगाडी 1956 पासून इथे मुलांना फिरवते आणि त्याचा बापही तिच्यात बसला होता. आत जाऊन बसायला मात्र वेळ नव्हता. संगमवाडीहून नऊची ट्रॅव्हल्स होती.

परत येताना येरवड्याला सूनबाईंनी विचारलं, "काका, ते गांधीजींचं काय म्हणतात ते इथंच आहे ना?" काका म्हणाले, "आगाखान पॅलेस? हा काय, घराजवळच आहे. ते कधीही होईल." हे ते प्रत्येकाला म्हणतात. 1942 मध्ये गांधीजींना आणि कस्तुरबांना जिथे स्थानबद्ध केलं, महादेवभाई देसाई आणि पुढे 1944 मध्ये कस्तुरबा जिथे गेल्या, समाध्या जिथे आहेत, ती वास्तू काकांना इतकी जवळ पडते की त्यांच्या एकाही पाहुण्यानं ती पाहिलेली नाही.

घरी पिठलं-भात झाला. मुलांना कपडे बदलून, तोंडं पुसून पुन्हा रिक्षात बसवलं. मी निरोप द्यायला संगमवाडीपर्यंत गेलो. काका बसच्या खिडकीखाली उभे राहून सांगत होते, "पुढच्या वेळी गुरुवार धरून या. कात्रज, सिंहगड आणि राहिलेले पेठेतले गणपती." पुतण्या "हो काका, हो काका" म्हणत होता. बस हलली. आम्ही परत रिक्षात बसलो.

पाच-दहा मिनिटं गेली असतील. काकांनी घड्याळ बघितलं, मग मोबाइल काढला आणि फोन लावला.

"अरे, नगर रोडला लागलात का? बरं. आता खिडकीबाहेर बघा, आगाखान येईल. मुलांना दाखव."

पलीकडून काहीतरी उत्तर आलं.

"झोपली म्हणजे? उठव की त्यांना. 1892 सालचा राजवाडा आहे!"