डिस्क दाखवा, बक्षीस मिळवा

बंगळुरात लिफ्टमध्ये भेटलेला माणूस सॉफ्टवेअरवाला निघाला नाही, तर तो पाहुणा आलेला आहे असं खुशाल समजावं. व्हाइटफील्डच्या आमच्या सोसायटीत तर लोक कुंड्यांना पाणी घालतानाही कानात हेडफोन अडकवून कुणाच्या तरी सर्व्हरची चौकशी करत असतात. त्यामुळे लॅपटॉपवर लिनक्स घालायचं ठरवलं तेव्हा मला मदतीची चिंता नव्हती.

लॅपटॉप 2017 चा, पण प्रकृतीने ठणठणीत. त्याचा सातव्या पिढीचा प्रोसेसर मात्र विंडोज 11 च्या पंगतीत बसत नाही, आणि विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. बायको म्हणाली, "नवा घ्या." मी मूळचा सदाशिव पेठेतला. चालती वस्तू टाकायची म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो.

पेन ड्राइव्हवरून लिनक्स झोकात सुरू झालं. वायफाय लागलं, आवाज आला. 'कुठे बसवू?' या प्रश्नापुढे मात्र एकच नाव: त्याच पेन ड्राइव्हचं. लॅपटॉपमधली डिस्क गायब! विंडोज सुरू केलं की ते त्याच डिस्कवरून चालायचं आणि वर 'जागा कमी आहे' म्हणून कुरकुरायचं.

शेजारच्याला बोलावलं. "अंकल, मी फ्रंटएंड," तो म्हणाला. म्हणजे पडद्यावर दिसतं तेवढंच त्याचं. खालच्या मजल्यावरचा क्लाउडवाला. हजारो डिस्कांचा कारभार त्याच्या हाती, पण प्रत्यक्ष डिस्क त्याने बहुधा चित्रातच पाहिलेली. "आमच्याकडे डिस्क दिसली नाही की आम्ही नवी मागवतो, अंकल." सांगलीचा एक मुलगा त्यातल्या त्यात कामसू निघाला. "काका, सिक्युअर बूट बंद करा. फास्ट स्टार्टअपही." केलं. मग त्याने डिस्कांची नावं समजावली. जुन्या पद्धतीची असेल तर 'एसडीए', नवी असेल तर 'एनव्हीएमई शून्य एन एक'. एकाच नावात मोजणी शून्यापासूनही आणि एकापासूनही! अशा नावाची वस्तू स्वतःहून लपली तर तिचा दोष नाही.

याच शहरात भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांनी आणि काही अभियंत्यांनी मिळून लिनक्सवर चालणारा सिम्प्यूटर घडवला होता. गरिबाघरचा, हातात मावणारा संगणक. तो फारसा खपला नाही याची हळहळ आहेच. पण त्यात हार्डडिस्कच नव्हती, हे त्या मंडळींचं द्रष्टेपण मला आता कळलं.

शेवटी एसपी रोड, म्हणजे सदर पत्रप्पा रोड. केबल, मदरबोर्ड आणि माणसं जिथे एकाच गठ्ठ्यात मिळतात तो रस्ता. मेट्रोने मॅजेस्टिकला गाडी बदलून चिकपेटला उतरायचं. बायको बरोबर आली. चिकपेट साड्यांचं, डिस्क सापडली नाही तरी फेरी वाया जाणार नव्हती.

बोळातल्या टीचभर दुकानातल्या पोराने लॅपटॉप घेतला. पेचकस उचलला नाही. टर्मिनल उघडून 'डीमेसेज' एवढंच टाइप केलं. कर्नलने सुरू होताना केलेली सगळी बडबड पडद्यावरून धावली. त्यात एका ओळीवर त्याने नख टेकवलं. लिनक्स मुकाट नव्हतंच! एक एनव्हीएमई डिस्क आडोशाला गेलेली आहे, वापरायची तर बायोस रेडवरून एएचसीआयवर न्या, असं ते प्रत्येक वेळी लिहून ठेवत होतं. आमच्या सोसायटीतली विद्वत्ता त्या ओळीपर्यंत पोचली नव्हती.

"रेडल्लिदे सार. एएचसीआय माडि."

रेड म्हणजे अनेक डिस्का एकत्र बांधून वापरायची युक्ती. 1988 साली बर्कलेच्या संशोधकांनी तिच्यावर निबंध लिहिला. माझ्या लॅपटॉपात डिस्क एकच. तरी कारखान्यातून निघतानाच बायोसमध्ये रेड चालू! एकट्या ब्रह्मचाऱ्याच्या दारावर 'जोशी बंधू आणि परिवार' अशी पाटी लावण्यातला प्रकार. त्या व्यवस्थेत डिस्क दुसऱ्याच कंट्रोलरच्या मागे जाऊन बसते. विंडोजकडे तिथवर नेणारा ड्रायव्हर असतो, लिनक्सकडे नसतो.

पोराने बायोसमध्ये जाऊन एक शब्द बदलला आणि डिस्क आपल्या त्या भयंकर नावानिशी हजर. पण विंडोज निळं पडलं. लिनक्सला डिस्क दिसली की विंडोजला दिसेना! पोराला यातलं काही नवं नव्हतं. बायोस पुन्हा रेडवर आणायचं, विंडोजला पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये उठायला सांगायचं, मग एएचसीआय करायचं, म्हणजे ते नवा ड्रायव्हर मुकाट्याने स्वीकारतं. "विंडोज बेका सार?" त्याने विचारलं.

मी बायकोकडे पाहिलं. विंडोजवर तिचं एकच काम: पत्त्यांचा स्पायडर. पोराने पेन ड्राइव्हवरच्या लिनक्समध्ये पत्त्यांचा खेळ उतरवून दिला. ती साड्यांच्या पिशव्या मांडीवर घेऊन स्टुलावर बसली, एक डाव हरली, दुसरा लावला. मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती.

"हं," पत्ते न सोडता ती म्हणाली, "पुसा ते विंडोज. पण आधी हा डाव होऊ दे."