थोडंसंच केलंय

स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्या माणसाला, गाडीत काय काय बदललंय, असं विचारून बघा. 'काही नाही हो, तशी स्टॉकच आहे,' असं म्हणून तो बॉनेटपासून डिकीपर्यंत चालत चालत अपवाद दाखवायला लागतो. चाकं तेवढी बदललीत. स्टेअरिंगही बदललंय, पण ते लाकडी आहे, त्यामुळे तो बदल धरायचा नसतो. सायलेन्सर गंजला होता म्हणून स्टेनलेस स्टीलचा घातला. आता त्याचा आवाज जरा भारदस्त येतो, त्याला आपण काय करणार? मीही याच पंथातला. माझ्याकडे पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-5 आहे. लाल. दोन माणसं आणि एक पिशवी मावते. कॉव्हेन्ट्रीच्या पावसात ती घरासमोर उभी असते, आणि तशी स्टॉकच आहे.

ही गाडी माझदाने 1989च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात मांडली. उघड्या टपाच्या हलक्या, परवडणाऱ्या गाड्या हा एके काळी ब्रिटिशांचा मक्ता. पण एमजीबी आणि ट्रायम्फ स्पिटफायर दोन्ही 1980 साली बंद पडल्या. बॉब हॉल नावाच्या अमेरिकन मोटार-पत्रकाराने माझदाच्या केनिची यामामोटोंच्या डोक्यात भरवलं, की असली गाडी आता कुणी करत नाही, तुम्ही करा. जपान्यांनी ते मनावर घेतलं. जुनी लोटस एलान नजरेसमोर ठेवून त्यांनी एक गाडी केली: इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना, वजन टनाच्या आत. ती सकाळी पहिल्या किल्लीला चालू होते आणि खाली तेल गाळत नाही. हे दोन दोष सोडले तर अस्सल ब्रिटिश स्पोर्ट्स कार.

आमच्या गल्लीतल्या एका आजोबांचं मत नेमकं हेच आहे. ते इथल्याच कॅनलीच्या ट्रायम्फ कारखान्यात होते, म्हणजे स्पिटफायर जिथे जन्मली तिथे. माझी गाडी बघायला ते अधूनमधून येतात, वाकून खालची कोरडी फरशी पाहतात आणि खिन्न होतात.

त्या जपान्यांनी जीव किती ओतलाय ते दाराच्या मुठीत कळतं. लहानशी, क्रोमची, लांबट गोल. एखाददुसरं बोट आत घालून ओढायची. थंडीत ती इतकी गार लागते की माणूस हातमोजा काढल्याबद्दल स्वतःला शिव्या देतो, आणि पुढच्या वेळी पुन्हा हातमोजा काढतो. सायलेन्सरचा आवाजही तिथल्या इंजिनिअरांनी जुन्या स्पोर्ट्स कारची रेकॉर्डिंगं ऐकून जुळवलेला. हे मी एकदा मोठ्या कौतुकाने बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "आणि तो तू काढून टाकलास."

दिव्यांना मात्र मी हात लावलेला नाही. ते बॉनेटमध्ये मिटून बसतात आणि बटण दाबलं की वर येतात. हिवाळ्यात कधी एका दिव्याची मोटर अडकते, मग गाडी रिंगरोडवरून समोरच्या प्रत्येकाला डोळा मारत जाते. अशा वेळी बॉनेट उघडायचं, मोटरवरची काळी मूठ शोधायची आणि ती फिरवत फिरवत दिवा हाताने वर आणायचा. भर पावसात हे करताना शेजारून जाणारे लोक फार आदराने पाहतात. 1998 साली दुसरी पिढी बाजारात आली तेव्हा कंपनीने हे डोळे काढून साधे दिवे बसवले. या गाडीत आजवर झालेला सगळ्यात वाईट बदल तो, आणि तो खुद्द कारखान्याने केलेला!

म्हणूनच 'कारखान्यातून आली तश्शी' या सोवळ्या पक्षाचं मला नवल वाटतं. आमच्या ओळखीत या पक्षाचे एक कट्टर गृहस्थ आहेत. हिशेबनीस. त्यांच्या गाडीतला कॅसेट प्लेअर मूळचा आहे. तो वाजत नाही, पण मूळचा आहे. माझी चाकं बघून ते हळहळतात. मी त्यांना विचारलं, कारखान्यातून आली म्हणजे कुठली हो? ब्रिटनमध्ये 1.6 लिटरच्या इंजिनाची ताकद आधी सुमारे 115 हॉर्सपॉवर होती, ती 1995 साली कंपनीनेच 90वर आणली. त्याआधी बीबीआर या ब्रिटिश कंपनीचा टर्बो माझदाच्या संमतीने, वॉरंटी शाबूत ठेवून बसवून मिळायचा. जपानमध्ये 1990 साली हिरव्या रंगाची व्ही-स्पेशल निघाली, तिला नार्डीचं लाकडी स्टेअरिंग शोरूममधूनच होतं. म्हणजे तिकडे लाकूड सोवळं आणि माझ्या गाडीत तेच ओवळं? यावर त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, तुमची व्ही-स्पेशल नाही.

याच्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. पण माझदाने 2017 साली जपानमध्ये या जुन्या गाड्या पूर्ववत करून देण्याची सेवा जाहीर केली. टपाचं कापड, नार्डीचं स्टेअरिंग, गिअरची लाकडी मूठ, इतकंच काय, ब्रिजस्टोनकडून जुन्या नक्षीचे 14 इंची टायरसुद्धा नव्याने करून घेतले. आता, नवा केलेला जुना टायर अस्सल की नक्कल? हा प्रश्न मी हिशेबनिसांसमोर टाकला आणि त्यांचा चहा गार होईपर्यंत मजा बघितली. शेजारचे ट्रायम्फवाले आजोबा पोट धरून हसत होते. ते म्हणाले, आमच्या कारखान्यातून सोमवारी निघालेली गाडी आणि शुक्रवारी दुपारी निघालेली गाडी एकमेकींना ओळखायच्या नाहीत. तुम्हाला यातली कुठली हवी?

दुसऱ्या टोकाचा पक्ष म्हणजे माझा कोल्हापूरचा मेहुणा. त्याने थारला जे जे बाहेरून लावता येतं ते ते लावलंय, आणि जे लावता येत नाही तेही. सुप्रीम कोर्टाने 2019 साली सांगितलं, की कंपनीच्या मूळ नोंदीत बसणार नाही असा बदल गाडीत करता यायचा नाही. पोलीस जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली घालतात, त्याचे फोटो पेपरात येतात. मेहुणा ते फोटो बारकाईने बघतो आणि कुठला सायलेन्सर कुठल्या कंपनीचा ते सांगतो. इकडे आला तेव्हा त्याने माझ्या गाडीभोवती चक्कर मारली.

"दाजी, काय काय केलंय म्हणालात?"

मी यादी सांगितली. स्प्रिंगा बदलून गाडी बोटभर खाली घेतलीय, हेही सांगितलं.

"एवढे पैसे घातले," तो कळवळून म्हणाला, "आणि दिसत काहीच नाही?"

अशी दाद मला आजवर कुणी दिली नव्हती. बदल असा हवा, की कंपनी करायची विसरली होती असं वाटावं. पाहणाऱ्याला गाडी आवडावी, पण का आवडली ते सांगता येऊ नये. मिटणाऱ्या दिव्यांवर प्लास्टिकच्या पापण्या चिकटवलेल्या गाड्याही मी पाहिल्यात, तेव्हा लोकशाही किती सोसायची याला मर्यादा आहे.

खरं तर या गाडीत करण्यासारखं सगळ्यात थोर काम कुणालाच दाखवता येत नाही. टपावरचं पाणी सीटांच्या मागून दोन नळ्यांतून खाली जातं. त्या नळ्यांत पाला अडकला की पाणी दाराखालच्या पोकळीत साचतं आणि मागच्या चाकापुढचा पत्रा आतून कुजत जातो. वर रंग चकचकीत, आत चाळण. दर शरद ऋतूत लवचीक तार घालून त्या साफ कराव्या लागतात. हात कोपरापर्यंत काळा होतो. हे करून उठलेल्या माणसाला चाकं कुठली घातलीस असं कुणी विचारलं, तर त्याने त्याच हाताने हस्तांदोलन करावं.

थोडंसंच करणाऱ्यांचा एक कडक नियम असतो: जे काढाल ते टाकायचं नाही. उद्या गाडी पुन्हा मूळ रूपात आणता आली पाहिजे. मराठी घराला हा नियम वेगळा शिकवावा लागत नाही. माझ्या माळ्यावर गणपतीच्या मखराशेजारी, कुकरच्या रिकाम्या खोक्यांमागे, मूळची चार चाकं, मूळचं स्टेअरिंग, मूळच्या स्प्रिंगा आणि मूळचा, भोक पडलेला सायलेन्सर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलाय. बायको म्हणते, तुझी स्टॉक गाडी माळ्यावर राहते आणि तिची बहीण दारात. दोघींचाही खर्च आपणच करतो.

आता राहिला विमा. ब्रिटनमध्ये गाडीत केलेला बदल विमा कंपनीला कळवावा लागतो; नाहीतर ऐन वेळी ते हात वर करतात. मी सगळं इमानदारीत कळवलं होतं. पण उन्हाळ्यात आई सांगलीहून आली, आणि गाडीत पहिल्यांदा बसायच्या आधी तिने डॅशबोर्डवर दोन बोटं उंचीचा गणपती दुहेरी चिकटपट्टीने असा पक्का बसवला, की तो काढायचा तर डॅशबोर्ड काढावा लागेल. माळ्याचा नियम इथे चालेना. सवयीप्रमाणे मी फोन केला. पलीकडच्या मुलीने सगळं शांतपणे टिपून घेतलं. वस्तू कायमची बसवलीय का? हो. समोरचं दिसायला अडथळा येतो का? नाही.

मग तिने यादीतला पुढचा प्रश्न वाचला: या बदलामुळे गाडीची कामगिरी सुधारते का?

मी फोनवर हात ठेवून आईला मराठीत विचारलं.

"हो म्हण की," आई म्हणाली.