प्लगकाका

रविवारी सकाळी मॉडेल विमानवाले मैदानावर जमले की त्यांच्यात एक प्लगकाका हमखास निघतात. बाकीच्यांची विमानं वर गिरक्या घेत असतात. काकांचं स्टँडला बांधलेलं असतं. इंजिन कशावर तरी बसवावं लागतं, एवढ्यापुरताच त्यांचा विमानाशी संबंध.

कुणाचं इंजिन घरघरून बंद पडलं की काका हात पुसत हजर. "आधी प्लग काढ."

नव्या पोराला वाटतं, प्लगमध्ये ठिणगी पडते. झालं! काका सगळी कामं सोडून शिकवायला बसतात. ठिणगी नाहीच मुळी. आत प्लॅटिनमच्या मिश्रधातूची बारीक तार. सुरू करताना दीड व्होल्टची बॅटरी लावायची, इंजिन चालू झालं की काढून घ्यायची. पुढे दाबाने निर्माण होणारी उष्णता आणि प्लॅटिनमवर होणारी इंधनातल्या मिथेनॉलची रासायनिक क्रिया तारेला तापलेलं ठेवतात. १९४७ मध्ये अमेरिकेत रे आर्डेनने हा प्लग बाजारात आणला आणि विमानांवरचं इग्निशन कॉइल-बॅटरीचं ओझं उतरलं. हे सांगताना काका आर्डेनचं नाव शेजारच्या वाड्यातल्या माणसासारखं घेतात.

एव्हाना प्लग भिंगाखाली गेलेला असतो. तार ओली, नव्यासारखी चकचकीत? "रिच चालवतोयस, इंधन जास्त." किंचित करडी? "बरोबर." वेडीवाकडी? "लीन पळवलंस, इंधन कमी! इंधनाची सुई दोन क्लिक उघड." निवडीचे नियमही पाठ: लहान इंजिन, इंधनात कमी नायट्रोमिथेन, तर गरम प्लग, मोठं इंजिन, जास्त नायट्रो, तर थंड, फोर-स्ट्रोकला त्याचा वेगळा. काकांच्या डबीत ओ.एस. कंपनीचे आठ नंबरचे आणि एन्या कंपनीचे तीन नंबरचे प्लग कापसात झोपलेले असतात. उसना मागितला तर मिळतो, मात्र वापरलेला.

निघताना टाकी रिकामी करून, नळीतलं उरलंसुरलं इंधन जाळून इंजिनात तेलाचे थेंब सोडायचे, हा दंडक. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि बेअरिंग गंजतात. तसाच घरी निघालेला माणूस काकांच्या लेखी संस्कारहीन.

इंधनातलं एरंडेल मात्र तापून इंजिनावर तपकिरी थर चढवतं. तो सुटावा म्हणून काका इंजिन अँटिफ्रीझमध्ये मंद आचेवर तासन्‌तास शिजवतात. अँटिफ्रीझ विषारी, तेव्हा ते पातेलं पुन्हा स्वयंपाकाला चालत नाही. काकूंना हे शिजवून झाल्यावर कळतं. त्यांनी भांडी कुलपात ठेवल्यापासून काकांची दोन इंजिनं पक्की तपकिरी आहेत. कुणी विचारलं तर काका शांतपणे सांगतात, "कंपनीचाच रंग आहे."