चाहत्यांशी सलोखा

कळंबला चिंतामणीच्या कुंडात बारा वर्षांनी गंगा येते, अशी श्रद्धा आहे. भक्त थांबतात, त्यांची समजूत काढायला कुणी पगारी माणूस लागत नाही. फुटबॉल क्लबला लागतो, त्याला चाहता-संपर्कवाला म्हणू. 2014 मध्ये एफसी पुणे सिटी अवतरली, बालेवाडीत नारिंगी जर्सी दिसू लागल्या, 2018 मध्ये संघ उपांत्य फेरीतही पोचला. आणि 2019 मध्ये इंडियन सुपर लीगमधली जागा थेट हैदराबादला! ‘दुपारी बंद’ची पाटी पुणेकर समजून घेतो, पण कायमचं बंद? अशा वेळी चाहता-संपर्कवाल्याने काय कळवावं? ‘आपल्या निष्ठेबद्दल आभार, पुढील सामने चारमिनारकडे’? हैदराबादने 2022 मध्ये करंडकही उचलला. अभिनंदनाची पत्रं पुण्याहून किती गेली, हे विचारायला मात्र पुण्याच्या चाहता-संपर्क खात्यात कुणी उरलं नव्हतं.